मिणमिण्या

परीक्षक ऑर्विलने बॉनेटखाली मान घालून टॉर्च फिरवला, वीज पुरवणाऱ्या डायनामोच्या काळ्या नळकांड्यावर टिचकी मारली आणि डेल्मरकडे वळून तोंडभर हसला.

"अस्सल माल! नाहीतर हल्ली जो तो डायनामो काढून नवा अल्टरनेटर बसवून मोकळा होतो. तू मात्र पठ्ठ्या निघालास."

त्याने एक्कावन्न सालच्या हिरव्या प्लिमथ गाडीच्या आरशाला निळी फीत बांधली. 'कारखान्यातून आली तशी' या गटातलं पहिलं बक्षीस. आयोवातल्या त्या जत्रेच्या मैदानावर टाळ्या पडल्या. डेल्मरने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

नळकांडं जुनंच होतं. आतला माल तेवढा नवा होता. मागच्या हिवाळ्यात बॅटरी तीनदा बसली, तेव्हा त्याने डायनामोचं पोट रिकामं करून आत अल्टरनेटर बसवून घेतला होता. सगळेच करतात, कोणाला कळतंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. पण ही गाडी ॲर्डिथबाईंनी नवरा गेल्यावर तीन गिऱ्हाइकं परत पाठवून त्याला दिली होती, तीही एकाच अटीवर. "माझ्या लाइलने ठेवलीय तशीच ठेव." आणि याने त्यांचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं.

आज त्याच बाई काठी टेकत आल्या. वय ब्याऐंशी. फीत बघून त्यांचे डोळे भरून आले.

"बसू का रे जरा?"

त्याने दार उघडून दिलं. बाई चालकाशेजारच्या आपल्या नेहमीच्या जागी बसल्या, डॅशबोर्डवर तळवा ठेवला. ऊन कधीच उतरलं होतं, अंधारून येत होतं.

"गाडी चालू कर ना. आणि दिवे लाव."

डेल्मर वळसा घालून स्टिअरिंगमागे बसला.

"लाइल आमच्या फाटकाशी येऊन थांबायचा," बाई सांगू लागल्या, "की इंजिन हळू व्हायचं आणि दिवे पार मंद. माझे वडील खिडकीतून ओरडायचे, 'आला गं तुझा मिणमिण्या!' हॉर्नची गरजच नाही." त्या खुदकन हसल्या. "लग्नानंतरही तेच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पडलेला गाडीचा उजेड मंदावला की मी बटाटे वाढायला घ्यायची. एकदाच बघू दे मला."

त्याने किल्ली फिरवली, ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, दिव्यांचा खटका ओढला. समोरचं पांढरं कुंपण उजळून निघालं. मग त्याने पाय काढला. इंजिन हळूहळू खाली येत संथ झालं. जुन्या डायनामोला या चालीवर पुरेशी वीज देणं जमलंच नसतं. नव्या अल्टरनेटरला संथ चालीचं काही वाटत नव्हतं. कुंपणावरचा उजेड तसूभर हलला नाही.

बाई वाट बघत राहिल्या.

"पाय काढलास ना?"

"काढला."

कुंपणाची एकेक फळी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ दिसत होती. डेल्मरला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बल्ब नवे घातलेत, बाई," तो म्हणाला. आपला आवाज त्याला स्वतःलाच ऐकवेना.

"बल्ब लाइलनेही बदलले होते," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी डॅशबोर्डवरचा हात उचलून मांडीवर घेतला.

"बाई, मी..."

"बंद कर, डेल्मर." त्या समोरच बघत होत्या. "डोळ्यांवर येतंय."