डावीकडचा आवाज

“डावीकडून आवाज कमीच येतोय,” मी तिसऱ्यांदा कुरकुरलो. एवढ्या महागड्या हेडफोनकडून ही अपेक्षा नव्हती.

दुकानातल्या मुलीने न कंटाळता पट्टी थोडी खाली ओढली, गादीखाली अडकलेली चष्म्याची काडी सोडवली, मग अ‍ॅम्प्लिफायरही बदलून पाहिला. सतार उजवीकडेच वाजत राहिली. आवाज वाढवला, तर उजवा कान ठणकला.

“काका, आता उलटा घालून बघा. दोष याच्यात असेल, तर उजवीकडचा आवाज कमी होईल.”

युक्ती मला आवडली. हेडफोन फिरवून घातला, डोळे मिटले. सतार अजूनही उजवीकडेच.

म्हणजे बिघाड हेडफोनचा नव्हता.

मी बायकोकडे वळलो. ती नेहमीसारखी माझ्या उजव्या हाताला उभी होती. पंख्याचा वारा सोसत नाही म्हणून गेल्या वर्षी तिने पलंगावरची जागा बदलली होती. तेव्हापासून झोपतेही उजवीकडेच.

मी हेडफोन उतरवला. “काय गं, तो पंख्याचा वारा खरंच सोसत नव्हता?”

ती माझ्या उजव्या कानाशी वाकली.

“छे! वारा तर या बाजूलाच जास्त लागतो.”