दिवेलागणीनंतरचं दूध

"पुण्याच्या ब्राह्मणाघरी दिवे लागल्यावर दूध पीत नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मारुतीरावांनी प्रुफावर बोट ठेवून विचारलं.

ते बेळगावचे छापखानेवाले. राजमतीची कादंबरी त्यांच्याकडे छापायला होती. सोळा पानांच्या एका फर्म्यावर काम अडलं, म्हणून सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं ते निपाणीला आले होते. घराच्या पुढच्या सोप्यात तंबाखूचा वास भरून होता. खांबाला टेकून राजमतीच्या सासूबाई, गुणाबाई, हुलगे पाखडत होत्या.

राजमतीनं कागद पुन्हा वाचला. तिची नायिका द्वारका पुण्याची, वकिलाची बायको. तिची तापानं फणफणलेली लेक दिवेलागणीनंतर दूध मागते. सासू म्हणते, आता सकाळी. उजाडायच्या आत लेक जाते. ते दूध नाकारलं म्हणूनच द्वारका पुढं घर सोडते.

लिहिताना तिला काही खटकलंच नव्हतं. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकून चूल शांत झालेली ती जन्मापासून पाहत आली होती. द्वारकेला तिनं पुण्याचं नाव दिलं, पुण्याची भाषा दिली. चूल मात्र निपाणीच्या जैन घराचीच राहिली.

"द्वारका जैन करा, सगळं जुळतं," मारुतीराव म्हणाले. "नाहीतर सासूनं पोरीला दूध दिलं असं करा. दोन ओळींचं काम."

"जैन केली तर गाव या दाराकडं बोट दाखवील," राजमती हळू आवाजात म्हणाली.

राजमतीची लेक कमला तापात गेली, तेव्हा सात वर्षांची होती. पर्युषणाचे दिवस होते, आणि या घराच्या नेमाचा गावात लौकिक होता. "उजाडू दे," असं गुणाबाईच म्हणाल्या होत्या. सुतक फिटल्यावर बस्तीतले, म्हणजे जैन देवळातले, उपाध्ये भेटायला आले, तेव्हा म्हणाले, आजारी लेकराला नेम नसतो. ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानंतर कमलाचं नाव या सोप्यात कुणी काढलं नाही.

सूप थांबलं.

"कुठली पोर गं?" गुणाबाईंनी विचारलं.

"गोष्टीतली आहे, आत्याबाई."

"काय मागतीया?"

"दूध."

"आन् सासू?"

राजमतीनं प्रूफ जवळ ओढलं. मारुतीरावच मोठ्यानं म्हणाले, "सासू न्हाय म्हणती, आक्का! असली कजाग सासू रंगवली आहे तुमच्या सुनेनं, वाचणाऱ्या बायका बोटं मोडतील तिच्या नावानं!"

ते एकटेच हसले.

गुणाबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "तिला द्यायला लाव की. तुझ्या हातात हाय न्हवं?"

राजमतीनं टाक उचलला, पण कागदाला लावेना. सासूनं दूध दिलं, तर द्वारकेनं घर का सोडायचं? कुणावर रागवायचं? तीन वर्षं रोज दुपारी दार लोटून तिनं जे लिहिलं, त्यातली निम्मी पानं त्या नकारावर उभी होती.

"काय ते ठरवा," मारुतीराव म्हणाले. "मोटार चुकेल माझी."

राजमतीनं सासूच्या तोंडच्या नकाराच्या ओळी खोडल्या. समासात बारीक अक्षरात लिहू लागली आणि लिहिता लिहिताच, वाचता न येणाऱ्या त्या बाईसाठी, मोठ्यानं वाचू लागली. "सासूबाईंनी चूल पुन्हा पेटवली. दूध तापवलं. नातीला मांडीवर घेतलं आणि वाटी तिच्या ओठांना..."

"थांब," गुणाबाई म्हणाल्या. सूप बाजूला सारून त्या पुढं सरकल्या होत्या. "जरा निवू दे. तोंड पोळंल पोरीचं."