कोपऱ्यातले डाग

बाइंडरने कटरचं पातं अर्ध्यावर आणलं आणि तो थांबला. पात्याखाली पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक होतं. शिवण उसवलेली, पाठ गळून पडलेली, कडांची पार रया गेलेली. पुस्तक आणून देणाऱ्या बाई शाळेत शिकवायच्या, आणि गिऱ्हाईक म्हणून आल्या तरी शिकवतच होत्या. "सासूबाईंचा जीव की प्राण आहे हे पुस्तक. सत्तराव्या वाढदिवसाला द्यायचंय. अगदी नवंकोरं करा. कडा चांगल्या बोटभर कापा, म्हणजे डागही जातील. कोपऱ्यात काही मजकूर नाहीये, मी पाहिलंय." हे सगळं त्यांनी कामाच्या चिठ्ठीवर लिहून, खाली दोन रेघा मारून सही केली होती.

सांगितलेलं काम करावं आणि मोकळं व्हावं. पण बाइंडरला एक खोड होती. तो पुस्तकं वाचत नसे, डाग वाचत असे. पाककृतींच्या पुस्तकांवर तर त्याचा विशेष लोभ. तीस वर्षांत त्याने एवढं ताडलं होतं, की अशा पुस्तकात पदार्थ असतात दोनशे आणि घरात होतात सात. त्या सात पानांवर तेल, पीठ, चहा, सगळ्यांची हजेरी. बाकीची पानं छापखान्यातून आली तशी करकरीत. एका वकिलांच्या पुस्तकातला वजन कमी करण्याचा भाग तर कधी उघडलेलाच नव्हता, आणि ते बाइंडरला आधीच कळलं होतं, कारण वकीलसाहेब दुकानाच्या दारातून अंग तिरपं करून आत आले होते.

हे पुस्तक मात्र त्याच्या कुठल्याच ठोकताळ्यात बसेना. इथे जवळजवळ प्रत्येक पानावर डाग होता. आणि एकच. खालच्या कोपऱ्यात, बरोबर त्याच जागी. सूपच्या पानावर लालसर, केकच्या पानावर चॉकलेटी, ऑम्लेटच्या पानावर पिवळा. सगळे एकाच मापाचे. मजकुरावर मात्र एक शिंतोडा नाही. सांडलवंड कधी इतकी शिस्तीत होते का? दोन दिवस तो पानं उलटत बसला. भुसा भरल्यासारखं डोकं झालं, पण काही उमगेना. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. "झालं ना? उद्या वाढदिवस आहे!" मग नाइलाजाने त्याने पुस्तक पात्याखाली सरकवलं.

"थांबा! कापू नका!"

दारात एक म्हातारी उभी होती. तिला धाप लागली होती. एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरची. घरातल्या कुणाच्या तरी पोटात गुपित टिकलं नसावं.

"या मावशी, बसा आधी. पुस्तक तुमचंच ना?"

"माझंच. शिवा, चिकटवा, वरून मखमल लावा. पण कोपरे कापायचे नाहीत."

"का?" तीन दिवस हा प्रश्न त्याच्या ओठांवर होता.

"नाही म्हटलं ना!"

"अहो, डागच तर आहेत."

म्हातारीने ओठ घट्ट मिटून घेतले. बाइंडर हिरमुसला. त्याने कामाची चिठ्ठी पुढे सरकवली. काम बदलायचं तर लेखी हवं, हा दुकानाचा नियम होता. दोनदा तोंडघशी पडल्यावर त्याने तो केला होता. "उद्या सूनबाई माझ्याशी भांडायला येतील. 'कोपरे कापू नयेत' एवढं लिहा आणि खाली सही करा."

त्याने पेन पुढे धरलं. म्हातारीने ते घेतलं नाही.

"चष्मा विसरले," ती म्हणाली.

चष्मा तिच्या नाकावरच होता.

म्हातारीने पात्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, रस्त्यावरून कोणी आत बघत नाही ना ते पाहिलं. मग दुकानाच्या शिक्क्याशेजारचं शाईचं पॅड ओढून घेतलं आणि चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा उमटवला.

बाइंडरने त्या ठशाकडे पाहिलं. मग पुस्तकाचं पान उघडलं. माप तेच. कलही तोच, किंचित डावीकडे.

"आमचे हे वाचून दाखवायचे," म्हातारी हळूच म्हणाली. "एक पदार्थ, एकदाच. मला कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पदार्थ जमला, की त्याच हाताने पानावर अंगठा. आता नुसता डाग बघितला तरी पुरतं. ह्यांचा आवाज ऐकू येतो, किती पीठ, किती साखर, सगळं. हे जाऊन अकरा वर्षं झाली. कोपरे गेले तर पुन्हा कोण वाचून दाखवणार?"

"घरी माहीत नाही?"

"सून सगळ्यांना कौतुकाने सांगते, आमच्या आई पुस्तकात बघून किती छान करतात. तिला कळलं तर उद्या माझ्या हातात पाटी देईल." म्हातारी हसली, पण डोळे भरून आले होते.

ती गेल्यावर बाइंडरने चिठ्ठीची घडी घालून ती स्वतःच्या खिशात ठेवली. संध्याकाळपर्यंत त्याने पानं शिवली, पाठ बसवली, नवा पुठ्ठा चढवला. खळ लावताना तो ब्रश कोपऱ्यांपासून लांब ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तक हातात घेतलं, पानं फडफडवली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो, हे काय? डाग तसेच! कडा कापा म्हणून मी स्पष्ट लिहून दिलं होतं ना?"

"दिलं होतं, बाई," बाइंडर म्हणाला. "पण कोपऱ्यात मजकूर निघाला."