चाळीस जणांची हजेरी

सलग तिसऱ्या वर्षी तलाव कोरडा राहिला आणि गाव रिकामं व्हायला लागलं. माझ्या चाळीस मुलांच्या वर्गात पाचच उरली. त्यांतली सोळा नंबर माझी लेक. तरी रोज सगळे चाळीस नंबर पुकारायचे, असा माझा नेम होता. जिथे असतील तिथे सुखी असोत, एवढंच मनात. गेलेल्यांपैकी एकाचाही फोन आला नव्हता.

सोमवारी मी "नऊ" म्हटलं आणि मागच्या रिकाम्या बाकावरून आवाज आला, "हजर, बाई."

नऊ नंबर महिन्यापूर्वीच गाव सोडून गेला होता. मला वाटलं, पोरांची चेष्टा. पण पाचही चेहरे पांढरेफटक पडले होते.

मंगळवारी रिकाम्या बाकांवरून चौघांनी हजेरी दिली. बुधवारी, गेलेल्या सगळ्यांनी.

"आता तरी निघूया," नवरा म्हणाला. "कुणासाठी अडून बसलीयेस, बाकांसाठी?"

मी हो म्हटलं.

आज सकाळी सामानाने भरलेली गाडी शाळेच्या फाटकाशी लागली. "एवढी हजेरी घेते आणि येतेच," मी त्याला सांगितलं.

लेक पहिल्या बाकावर बसून बाटलीतून पाणी पीत होती. वर्गात मला बाई म्हणायचं, हे तिला कधी जमलंच नाही. त्यावरून सगळे तिला चिडवायचे.

"सोळा."

"हजर, आई."

आवाज मागून आला. लेकीच्या तोंडाला बाटली तशीच होती. डोळे मोठे करून ती माझ्याकडे बघत होती.

बाहेर नवऱ्याने हॉर्न वाजवला.