रेंजची जागा

"कट्टा रिकामा ठेवायला हे काय शोरूम आहे?" सासूबाईंनी विचारलं.

खिडकीच्या बुटक्या कट्ट्यावरून मी सगळं महिन्यांपूर्वीच उचलून माळ्यावर टाकलं होतं. लोणच्याची बरणी, सासऱ्यांचा दाढीचा आरसा, कपड्यांचे चिमटेसुद्धा. चौदा महिन्यांच्या मिथिलाने काही अंगावर ओढून घेतलं तर? ती अजून धरूनही उभी राहत नव्हती, हा घोर वेगळाच. डॉक्टर म्हणत होते, थांबा. मी मात्र रोज नेटवर शोधत बसायची.

तेवढ्यात सासूबाईंच्या बहिणीचा फोन आला. आमच्याकडे रेंज फक्त कट्ट्यावर, म्हणून त्यांनी फोन तिथे ठेवून स्पीकर लावला.

"आमची मिथू कुठंय गं?"

मिथिला आवाजाकडे रांगत गेली. तिने कट्ट्याची कड धरली, गुडघे सरळ केले आणि थरथरत उभी राहिली.

मी धावले. सासूबाईंनी हात आडवा घातला. "राहू दे. पडली तर बुडावर पडेल."

कट्टा मोकळा करताना मी तिची उभं राहायची कारणंच माळ्यावर टाकली होती.

तिची बोटं फोनला लागणार, इतक्यात मीच तो वीतभर बाजूला सरकवला.

"मावशी, बोलत राहा."