पाच ओंजळी

"सोड ती ओटी," साहेब म्हणाले.

ठकी हलली नाही. टोकावड्याच्या नाक्यावर, आडव्या बांबूच्या अलीकडे ती उभी होती. डोक्यावर बोचकं आणि पदरात बांधलेली भरगच्च ओटी. पुढे माळशेज घाट, घाटापलीकडे पुणे जिल्हा आणि तिचं सासर. जर्मनी-जपानच्या लढाईचं चौथं वर्ष चाललं होतं आणि परवान्यावाचून मुरबाडचा तांदूळ जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती.

कुंडलिक जमादार साहेबांच्या खुर्चीमागे ताठ उभा होता. ओट्यांचं प्रकरण त्याला काही नवं नव्हतं. त्या महिन्यात अख्ख्या तालुक्यातल्या लेकी माहेराहून सासरी निघाल्या होत्या, आणि काही तर तिसऱ्यांदा. पोतं असतं तर त्याने गाडीच्या तळातूनही ओढून काढलं असतं. तशी कितीतरी काढली होती. पण सासरी निघालेल्या बाईच्या ओटीला हात कोण लावणार? तो बांबू वर करायचा आणि डोंगराकडे बघत राहायचा. ही कुणकुण वरपर्यंत गेली, म्हणून तर आज जिल्ह्याचे पोलीस साहेब स्वतः मोटारीने आले होते. वीस वर्षांच्या नोकरीनंतर कुंडलिकचं नाव फौजदाराच्या जागेसाठी गेलं होतं, आणि त्या कागदावर याच साहेबांची सही व्हायची होती.

"जमादार, ऐकू येत नाही का तिला?"

"सोड गो बाय," कुंडलिक म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"आयेनं भरलेली वटी मी माझ्या हातानं वाटेत सोडनार नाय," ठकी म्हणाली. "तुमाला पायजे तर तुमी उतरवा. पन भुईला लागू द्यायची नाय."

शिपाई जयराम एकाएकी बांबूची दोरी तपासू लागला.

शेवटी कुंडलिकच पुढे झाला. डोक्यावरचं पागोटं काढून त्याने उलटं धरलं. कामावर, तेही साहेबांसमोर, बोडकं डोकं म्हणजे चूकच. पण दुसरं होतं काय हाताशी? ठकीने नारळ काढून घेतला. त्याने गाठ सोडली. हळदीकुंकू लागलेले तांदूळ सरसरत उतरले आणि पागोटं काठोकाठ भरलं.

"ही म्हणे ओटी!" साहेब म्हणाले. "जप्त करा."

ठकी रडली नाही की पाया पडली नाही. ती रस्त्याच्या मधोमध खाली बसली.

"घाटावर दोन वरसं पिकलं नाय, साहेब. घरात पोरं कोंडा खातात. पन ते ऱ्हाऊ द्या. रिकाम्या वटीनं मी सासरी पाय ठेवनार नाय. ज्यानं उतरवली त्यानं भरावी, मंग मी उठन."

मागे दोन बैलगाड्या येऊन थांबल्या. गाडीवाले उतरून बघू लागले. साहेब खुर्चीत चुळबुळले. त्यांनाही घरी बहीण असणारच.

"ओटीला किती लागतात तांदूळ?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाच ओंजळी, साहेब."

"मग द्या तेवढे. बाकीचे जप्त."

साहेबांच्या डोळ्यांपुढे घरातली एखादी बांगड्या भरलेली, नाजूक ओंजळ असावी. कुंडलिक खर्डीकडचा, भाताच्या खाचरात वाढलेला. चोर सापडला की जमादार आपल्या पंजात नुसता हात धरतात, बेडी फुकट गंजते, असं जयराम गमतीने म्हणायचा.

पागोटं जयरामच्या हाती देऊन तो वाकला. ठकीने पदर पसरला. पहिली ओंजळ त्याने शीग लावून घातली. दुसरीही तशीच. तिसऱ्या वेळी साहेबांचा हलणारा पाय थांबला. बोटं जरा सैल सोडली तर पागोट्यात थोडे तांदूळ उरतील, साहेबांचा शब्द राहील आणि आपला कागदही, हे कुंडलिकला लख्ख दिसत होतं. त्याला फौजदार व्हायचं होतं, फार व्हायचं होतं. त्याने बोटं गच्च मिटली आणि चौथी ओंजळ भरली. पाचवीला पागोट्याचा तळ लागला. कडेकोपऱ्यातले दाणेही त्याने पुसून घेतले.

जयराम रिकामं पागोटं धरून उभा राहिला. जप्तीला काही उरलंच नव्हतं.

साहेब उठले. मोटारीचं दार उघडून ते क्षणभर थांबले.

"जमादार, तुमचा हात फार मोठा आहे," ते शांतपणे म्हणाले. "फौजदाराला एवढा मोठा हात चालत नाही."

मोटार मुरबाडच्या दिशेने गेली. धूळ बसेपर्यंत कुंडलिक तिकडेच बघत राहिला, मग येऊन त्याने बांबू वर केला.

ठकी पलीकडे गेली आणि वळली.

"दादा, सासू इचारंल, वटी कोनी भरली म्हून. काय सांगू?"

वीस वर्षं मनात घोळवलेला 'फौजदार' हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला आणि तिथूनच मागे फिरला.

"जमादारानं भरली म्हन," तो म्हणाला आणि त्याने पागोटं डोक्यावर चढवलं. घडीत अडकलेले दोन-चार पिवळे दाणे त्याच्या कपाळावरून ओघळले.