यादीतला वेंडेल सॅप

"मेलेला माणूस छपरावरून पडतो कसा, तेवढं तरी सांगा," परवाना मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, आणि खोलीतले बरेच जण हसले.

व्हर्ना क्रेंशॉ हसली नाही. एकसष्ट वर्षांची बाई, चर्चला घालायचा निळा सूट घालून सकाळी आठपासून त्या लाकडी खुर्चीवर ताठ बसली होती.

"पडला तो जिवंत होता," ती म्हणाली. "तीन बरगड्या मोडल्या त्याच्या."

व्हर्नाचा धंदा म्हणजे कागदावरची मालकी. अमेरिकेच्या दक्षिणेला, गल्फच्या किनाऱ्यावरचे छपरं घालणारे, गवत कापणारे, कोळंबी सोलणारे छोटे मालक आपली माणसं तिच्या यादीत घालत. काम ज्याचं त्याच्याकडेच. पगार, कर आणि अपघाताचा विमा मात्र व्हर्नाकडून. एका माणसाला दोन मालक, आणि त्यातल्या एकीने त्याचं तोंडही पाहिलेलं नसायचं. असला धंदा कुणीही उठून करू नये म्हणून राज्याचा परवाना लागतो. तो देणारे आणि काढून घेणारे पाच जण आज तिच्यासमोर बसले होते.

यादीत दोनशे बारा माणसं होती. परवाना गेला की सगळ्यांचा विमा त्याच संध्याकाळी रद्द. उद्या कुणी शिडीवरून कोसळला, तर त्याचं त्याने बघायचं.

आणि भानगड काय, तर एक नाव. गेल्या वर्षी वादळानंतर छपरांची कामं धो धो निघाली. व्हर्नाचा नियम साधा होता, आधी यादीत नाव, मग शिडीवर पाय. एका शनिवारी सकाळी साडेसहाला एका ठेकेदाराने फोनवर नवीन गडी कळवला, वेंडेल सॅप, आणि त्याचा सरकारी क्रमांक. व्हर्नाने डोळे चोळत नाव चढवलं. दुपारी वेंडेल छपरावरून खाली आला, शिडी न वापरता. विमा कंपनीने इस्पितळाचा खर्च दिला. सहा महिन्यांनी उलगडा झाला की या क्रमांकाचा वेंडेल सॅप केव्हाच वारला आहे. तोवर ठेकेदार धंदा गुंडाळून दुसऱ्या राज्यात पसार. आता राज्याचं म्हणणं, असा कुणी माणूस नव्हताच. बाईने भूत उभं करून विमा लाटला. तिने इस्पितळाचे कागद दाखवले, तर म्हणे कागद काय, कसेही करता येतात.

तेव्हापासून हे प्रकरण लायल गॅसकिन नावाच्या राज्याच्या तपासनिसाकडे होतं. पन्नाशीचा हडकुळा माणूस. सकाळी बाहेरच्या मशीनपाशी व्हर्नाने त्याला कॉफी देऊ केली, तर नको म्हणाला. ज्यांची तपासणी करायची त्यांच्याकडून एक पैशाचंही काही घेतलं, कॉफी असो की मजुरी, तर नोकरी जाते म्हणे. चला, कुणीतरी नियमाने वागतंय, असं व्हर्ना आपल्या वकिलाला म्हणाली होती. साक्षीत लायलने एवढंच सांगितलं, की जखमी माणसाने इस्पितळात दिलेल्या पत्त्यावर रिकामा प्लॉट निघाला.

तिथे व्हर्नाला राहवलं नव्हतं. "मनापासून शोधलंत का हो?"

"शोधलं, मॅडम," तो म्हणाला. "सापडला नाही."

अध्यक्षांनी आता शेवटचं विचारलं. जखमी माणसाचा फोन नंबर इस्पितळाने व्हर्नाला कळवला होता, हे तिनेच कबूल केलं होतं. तिने त्यावर कधी फोन केला नव्हता. तो नंबर तिने मंडळाला द्यावा. माणूस सापडला, तर परवाना राहील.

वकील तिच्या कानाशी लागला. "मिस व्हर्ना, देऊन टाका. एका अनोळखी माणसापायी दोनशे बारा जणांच्या पोटावर पाय देऊ नका."

"अनोळखी?" व्हर्ना म्हणाली, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अरे बाबा, माझे सगळेच अनोळखी आहेत. आज एकाला धरून दिलं, तर बाकीच्यांनी माझ्यावर कशाच्या जिवावर भरवसा ठेवायचा?"

ती उठून उभी राहिली. 

"मेलेल्याचा सरकारी क्रमांक कुणी हौसेने वापरत नाही. त्याच्याकडे स्वतःचे कागद नसतील. किंवा आणखी काही असेल. मी विचारलं नाही, तुम्हालाही विचारू देणार नाही. त्याला इथे बोलावून बेड्या घालायच्या, आणि वर मला परवाना द्यायचा? ठेवा तुमच्याकडेच. कागदावर का होईना, मी त्याची मालकीण आहे. फोन नंबर मिळणार नाही."

अध्यक्षांनी मान हलवली आणि परवाना रद्द करण्यावर मत मागितलं. एक हात वर गेला. मग दुसरा. तिसऱ्या सदस्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हात उचलला.

तेवढ्यात राज्याच्या टेबलामागे खुर्ची सरकली. लायल गॅसकिन उभा राहिला होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. शेजारच्या सरकारी वकिलाने त्याची बाही ओढली, खाली बस म्हणाला. तो बसला नाही.

"वेंडेल माझा मावसभाऊ," तो व्हर्नाकडे बघत म्हणाला. "त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. छपरावरून पडलो तो मी."